रॉकव्हिल : राजधानीच्या आधीपासून कोर्टाचं गाव

वॉशिंग्टनच्या मेट्रोची रेड लाइन वायव्येला जिथे संपते, त्याच्या एक स्टेशन अलीकडे रॉकव्हिल लागतं. राजधानीच्या मध्यापासून अंतर साधारण २० किलोमीटर. सकाळी नोकरदार इथून वॉशिंग्टनला जातात, संध्याकाळी परततात, आणि शनिवार-रविवारी रॉकव्हिल पाइक या मोठ्या रस्त्यावर खरेदीची झुंबड उडते. वरवर पाहिलं तर अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरासारखं. पण हे मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीचं मुख्य ठिकाण आहे आणि तो मान त्याच्याकडे १७७७ पासून आहे. वॉशिंग्टन शहराची जागा ठरली १७९० नंतर. ज्या शहराचं उपनगर म्हणून रॉकव्हिल आज ओळखलं जातं, ते शहर नकाशावर यायच्या आधीच इथे कोर्ट भरत होतं.

काउंटीचं मुख्य ठिकाण म्हणजे साधारण आपल्याकडचं जिल्ह्याचं ठिकाण. कोर्ट इथे, जमिनींचं दप्तर इथे, शिक्षण खात्याची कचेरी इथे. कलेक्टर मात्र नसतो. निवडून आलेली काउंटी कौन्सिल आणि निवडून आलेला प्रमुख मिळून कारभार बघतात. २०२० च्या जनगणनेत माँटगोमेरी काउंटीची लोकसंख्या १०,६२,०६१ भरली आणि रॉकव्हिल शहराची ६७,११७. शेजारच्या गेदर्सबर्गची वस्ती याहून थोडी जास्तच आहे, आणि सिल्व्हर स्प्रिंग, जर्मनटाउन या वस्त्या तर आणखी मोठ्या. तरी जमिनीचा वाद असो, घटस्फोट असो की खुनाचा खटला, दहा लाखांवर लोकांना शेवटी रॉकव्हिललाच यावं लागतं.

आधी जागा समजून घेऊ, कारण इथला इतिहास बराचसा भूगोलाने ठरवला आहे. हा सगळा पट्टा पीडमाँट पठाराचा, म्हणजे ॲपलेशियन डोंगर आणि समुद्रकाठची सपाटी यांच्या मधला, हलक्या चढउतारांचा. रॉकव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १३७ मीटरवर, पाणलोटाच्या कण्यावर बसलेलं आहे. शहराच्या हद्दीत पडलेला पाऊस तीन वाटांनी जातो : पूर्वेकडचा रॉक क्रीकमध्ये, बाकीचा कॅबिन जॉन क्रीक आणि वॉट्स ब्रँच या ओढ्यांत. तिन्ही शेवटी पोटोमॅक नदीला मिळतात. त्या काळी गाड्या चालवायच्या तर ओढे जितके कमी ओलांडावे लागतील तितकं बरं, म्हणून वाट उंचवट्याच्या माथ्यावरून गेली. पोटोमॅकवर जहाजं जॉर्जटाउनपर्यंतच येऊ शकत. त्याच्या वर नदीत खडक आणि धबधबे. साहजिकच जॉर्जटाउनच्या धक्क्यापासून आतल्या मुलखात, फ्रेडरिककडे जाणारा रस्ता महत्त्वाचा झाला. त्या रस्त्यावर, मुक्काम करावासा वाटेल अशा अंतरावर, रॉकव्हिलची जागा येते.

युरोपीय येण्यापूर्वी या भागात मूळ अमेरिकी लोकांच्या वस्त्या होत्या. पुढे आजच्या शहराच्या जागेवरच्या जमिनींच्या सनदा अठराव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत निघाल्या. पीक तंबाखूचं आणि कष्ट गुलामांचे. मोठमोठ्या पिंपांत भरलेली तंबाखू जॉर्जटाउनला जायची आणि तिथून इंग्लंडला. गाव असं काही नव्हतंच. १७५५ च्या एप्रिलमध्ये जनरल ब्रॅडकच्या ब्रिटिश फौजेचा एक भाग फ्रेंचांशी लढायला पश्चिमेकडे निघाला होता, तो इथे मुक्कामाला थांबला. त्या फौजेतल्या एकाने रोजनिशीत नोंदवलं आहे की ओवेन्सच्या खानावळीपाशी एकच घर आहे. रस्त्याकडेचं एक घर, घोड्यांना पाणी, माणसांना जेवण आणि पथारी. एवढ्यावरच सुरुवात झाली.

वीस वर्षांनी तिथे हंगरफर्डची खानावळ नावारूपाला आलेली होती. बॉस्टनमध्ये चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्यावर इंग्लंडने ते बंदरच बंद करून टाकलं. ११ जून १७७४ रोजी आसपासचे जमीनदार आणि शेतकरी या खानावळीत जमले आणि त्यांनी ठराव केला की बॉस्टनवर लादलेला कायदा मागे घेईपर्यंत इंग्लंडशी व्यापार बंद. हा ठराव हंगरफर्ड ठराव म्हणून ओळखला जातो. जे लोक तंबाखू विकून पोट भरत होते, त्यांनीच तंबाखूच्या गिऱ्हाइकाशी व्यवहार तोडायचं ठरवलं, हे लक्षात घेतलं की त्या बैठकीचं वजन कळतं.

१७७६ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच मेरीलँडच्या प्रतिनिधींनी भल्यामोठ्या फ्रेडरिक काउंटीचे तुकडे केले. दक्षिणेकडच्या तुकड्याला नाव दिलं जनरल रिचर्ड माँटगोमेरीचं. हा सेनानी आदल्या वर्षीच्या शेवटच्या दिवशी क्वेबेकवरच्या हल्ल्यात मारला गेला होता. तोवर मेरीलँडमधल्या काउंट्यांना इंग्रज राजघराण्यातली, सरदारांची किंवा इंग्लंडमधल्या मुलखांची नावं असायची. इथे मात्र लोकांनी आपल्या हुतात्म्याचं नाव दिलं. नव्या काउंटीला कोर्टासाठी जागा हवी होती आणि तिच्या मध्यभागी लोकांना माहीत असलेलं, रस्त्यावरचं, बसायला पुरेशी जागा असलेलं ठिकाण एकच होतं. १७७७ मध्ये पहिलं कोर्ट हंगरफर्डच्या खानावळीतच भरलं.

कोर्ट आलं की वकील येतात, वकील आले की अर्ज लिहिणारे, आणि तारखेला आलेल्या पक्षकारांना जेवूखाऊ घालणारेही येतात. १७८४ मध्ये विल्यम्स नावाच्या जमीनदाराने आपली जमीन मोजून प्लॉट पाडले, म्हणून वस्तीला काही जण विल्यम्सबर्ग म्हणू लागले, तर काही जण नुसतंच माँटगोमेरी कोर्ट हाउस. रीतसर नाव देताना वॉट्स ब्रँचवरून वॉट्सव्हिल असाही विचार झाला होता, पण तो ओढा अगदीच किरकोळ वाटला. मोठा ओढा रॉक क्रीक, म्हणून १८०३ मध्ये दप्तरी रॉकव्हिल लागलं. नकाशांवर कोर्ट हाउस हे नाव त्यानंतरही वीसेक वर्षं टिकून होतं. गावाची ओळख काय होती ते यावरून दिसतंच.

दरम्यान एक मोठी गोष्ट घडली. नव्या देशाची राजधानी पोटोमॅकच्या काठी उभारायचं ठरलं आणि तिच्यासाठी मेरीलँडने जी जमीन दिली, तिच्यात माँटगोमेरी काउंटीतलं जॉर्जटाउन गेलं. काउंटीचं एकमेव बंदर, तिचं सर्वांत भरभराटीचं गाव, राजधानीच्या हद्दीत ओढलं गेलं. उरला तो शेतीचा मुलूख आणि मधोमध कोर्टाचं लहानसं गाव. तंबाखूने जमीन निकस झाली तशी बरीच कुटुंबं पश्चिमेकडे निघून गेली. पुढे सँडी स्प्रिंगच्या क्वेकर पंथीय शेतकऱ्यांनी खतं आणि पिकांची फेरपालट रुजवली तेव्हा कुठे जमीन पुन्हा धरू लागली. याच क्वेकरांनी आपल्याकडच्या गुलामांना खूप आधी मुक्त केलं होतं. बाकी काउंटीत तसं झालं नाही. १८६० च्या जनगणनेच्या वेळी इथल्या लोकसंख्येत सुमारे तीस टक्के माणसं गुलामीत होती.

इथे गुलामीत राहिलेल्या एकाची हकिगत सांगायलाच हवी. जोसाया हेन्सन १७८९ मध्ये मेरीलँडच्या चार्ल्स काउंटीत जन्मला. मालक मेल्यावर मालमत्तेची वाटणी झाली आणि लिलावात या कुटुंबाची फाटाफूट झाली. आईला माँटगोमेरी काउंटीतल्या आयझॅक रायलीने विकत घेतलं. लहानग्या जोसायाला रॉब नावाच्या दुसऱ्याच माणसाने घेतलं. तो कोर्ट हाउसजवळ खानावळ चालवायचा आणि घोडागाड्या बाळगून होता. आईवेगळं पोर तिथे आजारी पडलं, मरायला टेकलं. रॉबने ते रायलीच्या गळ्यात बांधायचं ठरवलं. रायलीकडे लोहारकाम होतं. सौदा असा ठरला की पोर जगलं तर रायलीने रॉबच्या घोड्यांना नाल ठोकून थोडीशी किंमत फेडायची. मेलं तर काहीच द्यायचं नाही. पोर आईजवळ गेलं आणि जगलं. मोठेपणी रायलीच्या शेतीचा सगळा व्याप त्याने सांभाळला, स्वतःचं स्वातंत्र्य विकत घ्यायला पैसे जमवले आणि त्यातही फसवला गेला. १८३० मध्ये बायको-मुलांना घेऊन तो कॅनडात पळाला, तिथे पळून आलेल्यांची वसाहत उभी केली आणि १८४९ मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केलं. हॅरिएट बीचर स्टो यांना ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीविरुद्धची गाजलेली कादंबरी लिहिताना त्याचा आधार मिळाला. रायलीचं घर रॉकव्हिलच्या दक्षिणेला नॉर्थ बेथेस्डा भागात आजही उभं आहे. २००६ मध्ये ते काउंटीच्या उद्यान खात्याने विकत घेतलं आणि २०२१ मध्ये तिथे हेन्सनच्या नावाचं संग्रहालय उघडलं. गुलामगिरीचे मोठमोठे आकडे वाचून जे पोहोचत नाही, ते या नालांच्या सौद्यातून पोहोचतं असं मला वाटतं.

यादवी युद्धात मेरीलँड संघराज्याबरोबर राहिलं, पण रॉकव्हिलमधल्या अनेक प्रतिष्ठित घरांची ओढ गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडे होती. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटमच्या लढाईला निघालेला जनरल मॅक्लेलन इथे थांबला. २८ जून १८६३ रोजी दक्षिणेचा घोडदळप्रमुख जेब स्टुअर्ट गावात घुसला आणि वॉशिंग्टनहून रसद घेऊन येणाऱ्या सव्वाशेच्या आसपास गाड्या त्याने पकडल्या. लूट मोठी होती, पण त्या गाड्या बरोबर घेऊन चालणं म्हणजे घोडदळाच्या पायात लोढणंच. स्टुअर्ट गेटिसबर्गला पोहोचला तेव्हा लढाईचा दुसरा दिवस उजाडला होता. दक्षिणेच्या त्या पराभवाची कारणं मांडताना इतिहासकार या उशिरावर अजून वाद घालतात. वर्षभराने जुलै १८६४ मध्ये जुबल अर्लीची फौज राजधानीवर चाल करून गेली तीही याच रस्त्याने.

लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांना लागू होता. मेरीलँड बंडात नव्हतं, त्यामुळे इथली गुलामगिरी संपायला राज्याच्या नव्या घटनेची, १ नोव्हेंबर १८६४ ची वाट पाहावी लागली. त्यानंतर रॉकव्हिलच्या कडेने मुक्त कृष्णवर्णीयांच्या वस्त्या वाढल्या. मार्टिन्स लेनवरच्या वस्तीला हैती हे नाव पडलं. १८९१ मध्ये रेल्वेरुळांच्या पलीकडे लिंकन पार्कचे प्लॉट पडले आणि ते कृष्णवर्णीय कुटुंबांनी विकत घेतले. स्वतःच्या नावावर जमीन असणं ही त्या पिढीला केवढी मोठी गोष्ट होती हे आपल्याकडे जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडलेल्यांना वेगळं सांगायला नको.

रुळ आले होते १८७३ मध्ये. बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीची मेट्रोपॉलिटन शाखा सुरू झाली आणि वॉशिंग्टन हाकेच्या अंतरावर आलं. स्टेशनची विटांची इमारत एफ्राइम फ्रान्सिस बाल्डविन या वास्तुविशारदाने काढली. मेट्रोच्या कामासाठी ती १९८१ मध्ये अख्खी उचलून थोडी बाजूला नेली, म्हणून वाचली. उन्हाळ्यात दमट, चिकट होणाऱ्या राजधानीतून श्रीमंत मंडळी इथल्या उंचवट्यावर हवा खायला येऊ लागली. १८८९ मध्ये त्यांच्यासाठी वुडलॉन हॉटेल उघडलं. १८९० मध्ये जमिनीच्या व्यापाऱ्यांनी ‘पीअरलेस रॉकव्हिल’ म्हणजे बिनतोड रॉकव्हिल अशी जाहिरात करून वेस्ट एंडमधले प्लॉट विकायला काढले. १८९१ मध्ये लाल विटांचं भारदस्त नवं कोर्ट बांधून झालं. १९०० मध्ये ट्रॉली म्हणजे ट्राम आली, ती १९३५ पर्यंत धावली. उपनगर होण्याची पहिली हौस ती. पण आकडे फारसे हलले नाहीत : १९०० मध्ये लोकसंख्या १,११०, १९३० मध्ये १,४२२. रेल्वे आली, हॉटेल आलं, तरी हे कोर्टाचंच गाव राहिलं. मोठी पेठ नाही, कारखाना नाही.

ज्या कोर्टाच्या जोरावर गाव जगत होतं, त्याच्या दारात न्याय सगळ्यांना मिळत होता असं मात्र नाही. १८८० च्या जुलैमध्ये जॉन डिग्ज-डॉर्सी या कृष्णवर्णीय माणसाला जमावाने रॉकव्हिलच्या तुरुंगातून ओढून काढलं आणि खटला उभा राहायच्या आत फासावर लटकवलं. ४ जुलै १८९६ ला, स्वातंत्र्यदिनाच्या पहाटे, सिडनी रँडॉल्फच्या बाबतीत तेच झालं. दोन्ही वेळा तुरुंग कोर्टाच्या आसपासच होता, आणि दोन्ही वेळा कोणालाही शिक्षा झाली नाही. १९१३ मध्ये कोर्टाजवळ दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा उभा राहिला. साक्षीला, दंड भरायला, जमिनीची नोंद करायला येणाऱ्या प्रत्येक कृष्णवर्णीय माणसाला तो दिसत असे. कोर्टाच्या परिसरातून तो गेला थेट २०१७ मध्ये. पुतळा हलवला म्हणजे इतिहास पुसला, असा सूर तेव्हा निघाला होता. मला तो पटत नाही. ज्या दोघांना तिथून नेऊन मारलं, त्यांच्या नावाची पाटीसुद्धा शतकभर तिथे नव्हती. पुसणं म्हणायचं तर ते तेव्हाच झालं होतं.

शिक्षणाची गोष्टही याच गावात घडली. १९२७ पर्यंत काउंटीत कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही हायस्कूल नव्हतं. पुढे शिकायचं तर वॉशिंग्टन गाठायचं. पालकांनी पैसे उभे केले, कृष्णवर्णीयांच्या शाळांना पैसे देणाऱ्या रोझनवाल्ड निधीची मदत मिळाली आणि रॉकव्हिल कलर्ड हायस्कूल सुरू झालं. १९३६ मध्ये रॉकव्हिलच्या कृष्णवर्णीय प्राथमिक शाळेतले शिक्षक विल्यम गिब्ज यांनी, त्याच दर्जाच्या गोऱ्या शिक्षकाच्या जवळपास निम्म्या पगारावर राबावं लागतं म्हणून दाद मागितली. त्यांचे वकील होते थर्गुड मार्शल, त्या वेळी जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे. १९३७ मध्ये शिक्षण मंडळाने पगार टप्प्याटप्प्याने समान करायचं मान्य केलं. मार्शल पुढे शाळांमधली वंशावरची विभागणी बेकायदा ठरवणारा ब्राउन खटला जिंकले आणि सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले, ते सर्वांना माहीत असतं. त्या वाटेवरच्या सुरुवातीच्या पावलांपैकी एक रॉकव्हिलच्या कोर्टात पडलं, ते फार कमी जणांना ठाऊक असतं. १९५१ मध्ये इथे कृष्णवर्णीय मुलांसाठी कार्व्हर हायस्कूल बांधलं गेलं. शाळा एकत्र करण्याचं काम १९५५ मध्ये सुरू झालं आणि १९६० च्या सुमारास कार्व्हर बंद झालं. त्याच इमारतीत मग काउंटीच्या शिक्षण खात्याची मुख्य कचेरी आली.

आता लोकसंख्येचे पुढचे आकडे एका दमात वाचा : १९४० मध्ये २,०४७, १९५० मध्ये ६,९३४, १९६० मध्ये २६,०९०. वीस वर्षांत बारापटीहून जास्त. रूझवेल्टच्या काळात आणि मग महायुद्धात केंद्र सरकारचा पसारा वाढला, वॉशिंग्टनमध्ये नोकरदारांची रीघ लागली. युद्धावरून परतलेल्यांना सरकारी हमीवर स्वस्त गृहकर्ज मिळू लागलं. गावाच्या आग्नेयेला शेतजमिनी विकत घेऊन १९४६ नंतर ट्विनब्रुक ही वसाहत उभी राहिली : छोटी, एकसारखी, परवडणारी घरं. तिथल्या रस्त्यांची नावं वाचली तर घरं कोणासाठी बांधली ते लगेच कळतं. आर्डेन्स ॲव्हेन्यू, मिडवे ॲव्हेन्यू, ओकिनावा ॲव्हेन्यू, कोरल सी ड्राइव्ह. बेल्जियमच्या बर्फात नाहीतर पॅसिफिकच्या बेटांवर लढलेल्या जवानाने घरी पत्र लिहिताना वर ओकिनावाचा पत्ता टाकायचा, ही कल्पना कोणाच्या डोक्यातून आली कोण जाणे, पण पोरांनी त्या रस्त्यांवर सायकली शिकल्या. मात्र लढाईवरून परतलेल्या कृष्णवर्णीय जवानांना अशा नव्या वसाहतींची दारं देशभर बंदच होती. घर विकताना भेदभाव करायला मनाई करणारा केंद्राचा कायदा १९६८ चा.

शहराने नव्या वसाहती हद्दीत ओढून घेतल्या आणि हद्द झपाट्याने पसरली. विहिरींचं पाणी पुरेना, तेव्हा १९५८ मध्ये पोटोमॅकवर स्वतःचं जलशुद्धीकरण केंद्र बांधलं. काउंटीतल्या बहुतेक भागाला संयुक्त मंडळाचं पाणी येतं; रॉकव्हिलचं पाणी आजही बऱ्याच अंशी स्वतःचं. याच काळात अणुयुद्धाची धास्ती होती, आणि एका बॉम्बमध्ये सगळं सरकार जाऊ नये म्हणून काही खाती राजधानीबाहेर नेली जात होती. अणुऊर्जा आयोग जर्मनटाउनला गेला, पुढे राष्ट्रीय मानक संस्था गेदर्सबर्गला. वायव्येकडे जाणारा महामार्ग, आजचा आय-२७०, रॉकव्हिलच्या अंगावरूनच गेला. नोकऱ्या आता राजधानीतच नव्हत्या, त्या रस्त्याकडेला विखुरल्या होत्या.

याच वाढीने जुन्या गावाचा जीव घेतला. गाड्या आल्या, दुकानं पाइकवर गेली; पूर्वी जिथे लहान विमानतळ होता तिथे काँग्रेशनल प्लाझा हे मोठं बाजारसंकुल उभं राहिलं. कोर्टाभोवतीची पेठ ओस पडायला लागली. यावर शहराने काढलेला उपाय आजारापेक्षा वाईट ठरला. केंद्राच्या पैशातून नागरी नूतनीकरण हाती घेतलं. १९६० च्या दशकात कोर्टासमोरची बहुतेक पेठ पाडली, रस्ते बदलले आणि १९७२ मध्ये एक बंदिस्त मॉल उघडला. मोठी दुकानं आलीच नाहीत. मॉलने नावं बदलून पाहिली, गिऱ्हाईक फिरकलं नाही, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात तोही पाडला. ज्या गावाने दोन शतकं आपल्या चौकावर जगून दाखवलं, त्याने तो चौक आपल्या हाताने सपाट केला. हे वाचताना मला अजून हळहळ वाटते. एक चांगलं त्यातून निघालं : १९७४ मध्ये उरलेल्या जुन्या इमारती वाचवायला नागरिकांनी संस्था काढली आणि तिला १८९० च्या जाहिरातीतलंच नाव दिलं, पीअरलेस रॉकव्हिल. लाल विटांचं कोर्ट अजून उभं आहे. २००७ मध्ये पाडलेल्या भागात टाउन स्क्वेअर झाला : खाली दुकानं, वर घरं, मध्ये मोकळी जागा, शेजारी मोठं वाचनालय. जुन्या पेठेत होतं तेच, पुन्हा नव्याने बांधलेलं.

पेठ गेली तरी शहर मेलं नाही, त्याला कारण कोर्टच. कचेऱ्या हलल्या नाहीत, म्हणून वकील हलले नाहीत, रोज येणारी माणसं थांबली नाहीत. १५ डिसेंबर १९८४ रोजी मेट्रो इथपर्यंत आली. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, पाइक आणि रुळांच्या मधे, सेंट मेरीज हे १८१७ मधलं चर्च आणि त्याची दफनभूमी आहे. ‘द ग्रेट गॅट्सबी’ लिहिणारा कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड तिथे पुरलेला आहे. त्याच्या वडिलांचं घराणं या भागातलं. १९४० मध्ये तो वारला तेव्हा धर्माचरण न करणारा म्हणून कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारली गेली आणि त्याला गावातल्या दुसऱ्या दफनभूमीत पुरलं. १९४८ मध्ये पत्नी झेल्डाही तिथेच. १९७५ मध्ये दोघांना घराण्याच्या शेजारी, सेंट मेरीजमध्ये आणलं. दगडावर त्याच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचं शेवटचं वाक्य कोरलं आहे आणि बाजूने दिवसभर गाड्या धावतात.

लोकसंख्या १९७० ते २००० या तीस वर्षांत फार वाढली नाही, पण लोक बदलले. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आशियातल्या देशांना दार उघडलं. बेथेस्डाची राष्ट्रीय आरोग्य संस्था, औषधांवर देखरेख करणारं खातं आणि महामार्गाकाठच्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांत काम करायला चीन, कोरिया, भारत, इराण इथून शिकलेली माणसं आली. मध्य अमेरिकेतल्या युद्धांतून सुटून आलेली कुटुंबं आली. मानवी जनुकसंचाच्या वाचनाची शर्यत सरकारी प्रकल्पाशी लावणारी क्रेग व्हेंटर यांची सेलेरा कंपनी १९९८ मध्ये रॉकव्हिलमध्येच सुरू झाली, आणि जून २००० मध्ये पहिला मसुदा तयार झाल्याची घोषणा दोघांनी मिळून केली. आज शहरात पाचातला साधारण एक रहिवासी आशियाई वंशाचा आहे, तिघांतला जवळपास एक परदेशात जन्मलेला. आशियाईंमध्ये चिनी वंशाचे सर्वांत जास्त, आणि चांगलं चिनी जेवण हवं असलं की वॉशिंग्टनचे लोक जुना चायनाटाउन सोडून रॉकव्हिल पाइकला येतात. वॉशिंग्टन परिसरातल्या मराठी घरांनाही हा पट्टा ओळखीचा आहे. संशोधन आणि सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमागे बरीच मंडळी या महामार्गाकाठीच स्थिरावली.

२००० मध्ये ४७,३८८ असलेली वस्ती २०१० मध्ये ६१,२०९ झाली, ती मुख्यतः किंग फार्म आणि फॉल्सग्रोव्ह या दोन नव्या वसाहतींमुळे. आधी तिथे शेतं होती. आकडे वाचताना एक काळजी घ्यावी लागते : पत्त्यावर रॉकव्हिल लिहिणारे सगळे शहरात राहतात असं नाही. टपालाची हद्द शहराच्या हद्दीहून कितीतरी मोठी आहे. अणु नियामक आयोगाचं मुख्यालय रॉकव्हिल पाइकवर आहे, पण शहराच्या हद्दीबाहेर.

काउंटीभराचं भवितव्य ठरवणारे निर्णय मात्र इथेच झाले. १९७४ मध्ये मोठ्या गृहप्रकल्पांत ठरावीक घरं मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी राखणं सक्तीचं झालं. देशातल्या अशा सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक आणि नंतर अनेकांनी त्याचा कित्ता गिरवला. १९८० मध्ये काउंटीचा सुमारे तिसरा हिस्सा, ९३,००० एकरांच्या आसपास जमीन, शेतीसाठी राखून ठेवली. रॉकव्हिलहून उत्तरेला किंवा पश्चिमेला अर्धा तास गाडी हाकली की मका आणि सोयाबीनची शेतं लागतात, ती या निर्णयामुळे. पसरायला जागा न ठेवल्याचा परिणाम असा की घरांच्या किमती चढल्या, आणि युद्धावरून परतलेल्या जवानाला परवडलेलं ट्विनब्रुकचं छोटं घर आज नव्या शिक्षकाला किंवा परिचारिकेला परवडत नाही. २०२१ मध्ये शहराने २०४० पर्यंतचा आराखडा मंजूर केला, त्यात मेट्रो स्टेशनांच्या आसपास एकेका घराच्या जागी जोडघरं आणि छोट्या इमारती बांधायची वाट मोकळी केली आहे. सुटी घरं आणि मोकळी अंगणं पाहून तिथे आलेल्यांतल्या काहींना ते रुचलेलं नाही. भाड्याने राहणाऱ्यांना ते फार उशिरा झालं असं वाटतं.